जुन्या ट्रकचा स्टिअरिंग सेन्सर स्वतः बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर येणारे निम्मे प्रश्न एकाच वाक्याने सुरू होतात : "नवीन सेन्सर बसवला, तरी डॅशबोर्डवरचा दिवा जात नाही." कारणं दोनच असतात. बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच, किंवा नव्या सेन्सरला "सरळ" म्हणजे काय हे शिकवलंच नाही. म्हणून इथे आधीची तपासणी आणि नंतरचं कॅलिब्रेशन यांना जास्त जागा दिली आहे. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण उत्तरं एकमेकांकडे बोट दाखवतात.

१. स्टिअरिंग सेन्सर म्हणजे नेमका कोणता भाग? माझ्या ट्रकमध्ये तो आहे का?

या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मोडतात. पार्ट मागवण्याआधी आपली कोणती ते ठरवा.

पहिला अँगल सेन्सर. स्टिअरिंग किती अंश आणि कुठल्या बाजूला वळलंय हे तो सांगतो. ईएससी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत तो असतोच. जागा बहुधा स्टिअरिंग व्हीलच्या खाली, क्लॉक स्प्रिंगला (व्हील फिरतानाही हॉर्न आणि एअरबॅगची वीज जोडलेली ठेवणारी गुंडाळलेली पट्टी) लागून, किंवा कॉलमच्या, म्हणजे व्हीलखालच्या दांड्याच्या, खालच्या टोकाला.

दुसरा १९९०च्या दशकातल्या काही पिकअप ट्रकमध्ये मिळणारा, व्हील किती वेगाने फिरवलं जातंय हे मोजणारा सेन्सर. कमी वेगात स्टिअरिंग हलकं आणि जास्त वेगात घट्ट ठेवणारी यंत्रणा त्यावर चालते.

तिसरा पॉवर स्टिअरिंगच्या पाइपवरचा प्रेशर स्विच. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पंपाचा भार वाढतो. इंजिन बंद पडू नये म्हणून हा स्विच आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, वाढवायला सांगतो. तो बदलणं अगदीच सोपं काम आहे आणि पुढची एअरबॅग वगैरेची चर्चा त्याला लागू नाही. पुढे फक्त "सेन्सर" म्हटलं असेल तिथे पहिले दोन समजा.

ईएससी नाही, वेगानुसार बदलणारं पॉवर स्टिअरिंगही नाही, असा जुना ट्रक असेल तर त्यात हा सेन्सर बहुतेक नसतो. मग स्टिअरिंगचा त्रास यांत्रिक आहे. प्रश्न ५ पाहा.

२. आतून तो काम कसा करतो?

जुन्यात जुना प्रकार पोटेन्शिओमीटरचा. रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच : कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ सरकते आणि व्होल्टेज बदलतं. ट्रक आयुष्यभर जास्तीत जास्त सरळ चालतो, त्यामुळे पट्टी मधोमध झिजते. म्हणूनच असा सेन्सर सरळ रस्त्यावर त्रास देतो आणि वळणावर मात्र ठीक वाटतो.

दुसरा प्रकाशावर चालणारा. खाचा पाडलेली चकती फिरते आणि एका बाजूचा एलईडी दुसऱ्या बाजूच्या सेलला दिसतो-लपतो. धूळ आणि ग्रीस हे त्याचे शत्रू.

तिसरा चुंबकीय. कॉलमवरच्या मोठ्या गिअरला दोन छोटे गिअर लागलेले असतात आणि त्या दोघांच्या दात्यांच्या संख्येत किंचित फरक असतो. प्रत्येक फेरीला ते एकमेकांपासून थोडे मागेपुढे होतात आणि त्या अंतरावरून स्टिअरिंग कितव्या फेरीत आहे हे कळतं. फार सुंदर युक्ती आहे ही. उघडलेला सेन्सर हातात आला तर एकदा फिरवून पाहाच.

३. एवढ्याशा भागामुळे दोन-तीन दिवे एकदम का लागतात?

१९९५ साली ईएससी बाजारातल्या गाड्यांमध्ये आली, तेव्हापासून तिचा मूळ हिशेब तोच आहे : चालकाला कुठे जायचंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे. पहिलं उत्तर अँगल सेन्सर देतो, दुसरं गाडीच्या वळण्याचा वेग मोजणारा यॉ सेन्सर. दोन्हींत तफावत आली की यंत्रणा एखाद्या चाकाचा ब्रेक लावते. पहिलंच उत्तर बेभरवशाचं झालं तर यंत्रणा स्वतःला बंद करून घेते, आणि तिच्याबरोबर ट्रॅक्शन कंट्रोलचाही (चाकं जागच्या जागी घसरू न देणारी यंत्रणा) दिवा लागतो. हे बरोबरच आहे. चुकीच्या माहितीवर ब्रेक लावण्यापेक्षा न लावलेला बरा.

४. सेन्सर गेल्याची खरी लक्षणं कोणती?

अँगल सेन्सर असेल तर ईएससीचा दिवा. कधी सुरुवातीपासून, कधी ठरावीक वळणानंतर. क्वचित कोरड्या, सपाट वळणावर उगाच एखाद्या चाकाचा ब्रेक लागल्याची घरघर जाणवते. ती जाणवली तर गाडी लांब चालवू नका.

वेग मोजणारा सेन्सर असेल तर लक्षण वेगळं आणि जास्त भीतीदायक. महामार्गावर सरळ जात असताना स्टिअरिंग एकाएकी हलकं होतं, हातात दचकल्यासारखं वाटतं आणि परत घट्ट होतं. कारण असं, की झिजलेला सेन्सर "चालकाने व्हील झटकन फिरवलं" असा खोटा निरोप देतो आणि यंत्रणा आणीबाणी समजून मदत वाढवते.

५. स्टिअरिंग कायम जड आहे, गाडी एका बाजूला ओढते. सेन्सर बदलू का?

नका. सतत जड स्टिअरिंग म्हणजे पंप, पट्टा, कमी तेल, पाइपमधली हवा किंवा सुकलेला जोड. एका बाजूला ओढणं म्हणजे टायरची हवा, अलाइनमेंट, अडकलेला ब्रेक. व्हील मधोमध दोन-तीन बोटं मोकळं फिरत असेल तर टाय रॉडची टोकं, ड्रॅग लिंक (हे दोन्ही चाकं वळवणारे दांडे) आणि स्टिअरिंग बॉक्स पाहा. एकाला व्हील थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि गाडीखाली प्रत्येक जोडावर हात ठेवत जा. ढिला जोड बोटांना कळतो, डोळ्यांना कळायच्या आधी.

सेन्सर कधीच "कायम" काही करत नाही. त्याचा त्रास येतो-जातो, किंवा दिव्याच्या रूपात दिसतो.

६. स्कॅनरवर यू०१२६ आलाय. म्हणजे सेन्सरच गेला ना?

तसं नाही. यू०१२६ चा अर्थ "अँगल सेन्सरशी संपर्क तुटला" एवढाच. सेन्सर मेला तरी संपर्क तुटतो, त्याचा फ्यूज उडाला तरी तुटतो, वायर उंदराने कुरतडली तरी तुटतो. यू०४२८ चा अर्थ संपर्क आहे, पण येणारी माहिती पटत नाही. तिथे संशय सेन्सर किंवा कॅलिब्रेशनवर जास्त. सी०००० मालिकेतला सी००५१ हा स्टिअरिंग पोझिशन सेन्सरचा कोड आहे. याशिवाय प्रत्येक कंपनीचे स्वतःचे कोड असतात, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच पाहावेत.

स्वस्तातला स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएस आणि चेसिसचे कोड वाचणारा हवा. आणि कोड पुसण्याआधी लिहून ठेवा, क्रमासकट. सोबत चाकाच्या स्पीड सेन्सरचाही कोड असेल तर आधी तो सोडवा.

७. सेन्सर काढण्याआधी मल्टिमीटरने काय काय तपासता येतं?

पुष्कळ. इथे घालवलेला अर्धा तास पुढचा अख्खा दिवस वाचवतो.

सुरुवात बॅटरीपासून. इंजिन बंद असताना १२ व्होल्टच्या गाडीत १२.४ च्या वर आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ च्या दरम्यान आकडा हवा. व्होल्टेज घसरलं की पहिली कुरकुर ही असली मॉड्यूल करतात.

मग फ्यूज. नुसता डोळ्यांनी पाहू नका, दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा.

मग सेन्सरच्या कनेक्टरवर पुरवठा आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी जोडणी. तार टोचू नका. कनेक्टरच्या मागच्या बाजूने पातळ प्रोब सरकवा. अर्थ तपासताना ओहम मोजून समाधान मानू नका. सर्किट चालू ठेवून अर्थची पिन आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ते ०.१ व्होल्टच्या आत असायला हवं. एकच धागा शिल्लक असलेली वायरही ओहममीटरवर छान दिसते, भार आला की उघडी पडते.

पोटेन्शिओमीटरचा सेन्सर असेल तर त्याला ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि स्टिअरिंग मध्यावर असताना सिग्नल साधारण २.५ व्होल्टच्या आसपास असतो. व्हील अगदी सावकाश फिरवा. आकडा सलग चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा शून्यावर गेला तर पट्टी झिजली. काट्याचा जुना मीटर असेल तर तो काढा, काट्याची थरथर डिजिटल आकड्यापेक्षा आधी दिसते.

सेन्सर कॅन लाइनवर (गाडीतली मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या दोन तारा) बोलत असेल तर त्याच्या आतला ओहम मोजण्यात अर्थ नाही. त्याऐवजी बॅटरी सोडवून हाय-स्पीड कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजा. साधारण ६० ओहम आला तर लाइन शाबूत. १२० आला तर एका टोकाचा रोधक किंवा तार तुटली. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

या सगळ्यात शेवटी कनेक्टर उघडून पाहा. एका पिकअपला दोन सेन्सर बदलून झाले होते, तेव्हा मी तो पाहिला. समोरच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून वायरिंगवरून खाली येत होतं आणि कनेक्टरच्या एका पिनवर हिरवट थर चढला होता. पिनची पकड सैल झाली होती, नखाने ढकलली तरी हलत होती. पिन बदलली, काचेचं रबर बदललं. पहिला सेन्सर परत लावला, तो चालू होता.

८. सेन्सर साफ करून पुन्हा वापरता येईल का?

कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने जरूर साफ करा आणि सुकल्यावर सीलच्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरची चकती कोरड्या, स्वच्छ हवेने फुंकून कधी कधी वाचते. पोटेन्शिओमीटरमध्ये क्लीनर मारला तर चार-आठ दिवस बरं वाटेल, पण झिजलेला कार्बन परत येत नाही. स्टिअरिंगच्या बाबतीत चार-आठ दिवसांचा उपाय मला मान्य नाही.

९. नवीन येईपर्यंत सेन्सरचा कनेक्टर काढून गाडी चालवली तर?

वेगानुसार मदत देणाऱ्या जुन्या यंत्रणांमध्ये कनेक्टर काढला की बहुतेक वेळा पूर्ण मदत कायम मिळते. स्टिअरिंग वेगातही हलकं राहतं, पण निदान दचकत नाही. ही उत्तम चाचणीही आहे : कनेक्टर काढल्यावर दचकणं थांबलं तर सेन्सर किंवा त्याची वायर यांच्यावर बोट ठेवता येतं.

अँगल सेन्सर काढला तर ईएससी बंद होते. ओल्या रस्त्यावर, वरून जड माल असताना हीच यंत्रणा ट्रक उलटण्यापासून वाचवते. म्हणून गॅरेजपर्यंत नेण्यापुरतंच, सावकाश, रिकामा ट्रक. त्यापुढे नको.

१०. भंगारातल्या गाडीचा सेन्सर चालेल का?

पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला तर चालू शकतो. "दिसायला सारखाच आहे" हे पुरेसं नाही. आतला प्रोग्रॅम आणि दात्यांचं गणित वेगळं असू शकतं. शिवाय काही सेन्सर जुन्या गाडीचं शून्य स्वतःमध्ये साठवून ठेवतात, ते आधी पुसावं लागतं. पोटेन्शिओमीटरचा वापरलेला सेन्सर मात्र घेऊच नका. तुमच्या सेन्सरएवढाच तोही झिजलेला असणार.

११. कोणती हत्यारं लागतात?

स्टिअरिंग व्हील पुलर, टॉर्क रेंच, टॉर्क्स बिट्स, सॉकेट सेट, मल्टिमीटर, चेसिसचे कोड आणि लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, खुणा करायला पांढरा पेंट मार्कर, चिकटपट्टी. आणि त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. नट-बोल्टचे टॉर्क गाडीगणिक बदलतात, म्हणून या पानावर मी ते मुद्दाम दिलेले नाहीत.

१२. एअरबॅग असलेल्या व्हीलला हात लावायचा म्हणजे भीती वाटते. काय काळजी घ्यायची?

भीती वाटते ते चांगलं आहे. ती ठेवूनच काम करा.

चावी बंद करा, बॅटरीचं ऋण टोक सोडवा आणि ते चुकूनही परत टेकणार नाही असं बांधून ठेवा. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्हींचं सोडवा. मग थांबा, कारण एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये साठवलेली वीज उतरायला वेळ लागतो. किती ते मॅन्युअलमध्ये असतं. मी १५ मिनिटांच्या आत हात घालत नाही. रेडिओची आठवण जाऊ नये म्हणून लावतात ते मेमरी सेव्हर या कामात लावू नका, त्याने यंत्रणा जिवंत राहते.

कनेक्टर सोडवण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. एअरबॅगच्या तारा व कनेक्टर बहुतेक पिवळे असतात. त्यांच्यावर ओहममीटर कधीही लावायचा नाही, मीटरचा छोटा प्रवाहही धोक्याचा. सुटी एअरबॅग अंगापासून दूर तोंड करून न्या आणि कव्हर वर येईल अशी सपाट जागी ठेवा. पालथी ठेवली आणि ती फुटली तर आख्खा डबा हवेत उडतो. तिच्यावर किंवा तिच्याजवळ दुसरं काही ठेवू नका.

१३. व्हीलखालचा सेन्सर बदलण्याचा क्रम सांगा.

गाडी सपाट जागी, पुढची चाकं अगदी सरळ, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना ठोकळे. प्रश्न १२ मधली तयारी पूर्ण.

एअरबॅग मागच्या बाजूच्या बोल्टने किंवा आतल्या स्प्रिंगच्या तारेने धरलेली असते. तो जोड सोडवा, हॉर्न आणि एअरबॅगचे कनेक्टर काढा. आता मधला नट दिसेल. तो सोडवण्याआधी शाफ्टचं टोक आणि व्हीलचा मध्य यांच्यावर एकच आडवी पांढरी रेघ मारा. नट सोडवताना स्टिअरिंग लॉकच्या आधारावर जोर देऊ नका, लॉकचा दाता तुटतो. व्हील हाताने घट्ट धरा, नाहीतर दुसऱ्याला धरायला सांगा.

नट पूर्ण काढू नका, चार आटे राहू द्या. व्हील एकदम सुटलं की तोंडावर येतं. पुलर लावून व्हील मोकळं करा (प्रश्न १४), मग नट काढा आणि वायर अडकणार नाहीत असं व्हील उचला.

क्लॉक स्प्रिंग फिरू नये म्हणून तिच्या फिरणाऱ्या आणि स्थिर भागावर मिळून चिकटपट्टी लावा. ती जशी आहे तशीच बाहेर आली पाहिजे. काही गाड्यांत सेन्सर तिच्या मागे वेगळा असतो, काहींत तिच्यातच बसवलेला. सेन्सरचा कनेक्टर काढताना खटका दाबून कनेक्टरच्या अंगाला धरा, तारांना नाही.

नवा सेन्सर जुन्याशेजारी ठेवून पार्ट नंबर, पिनांची संख्या आणि खाच पाहा. नव्या सेन्सरच्या मधोमध शून्याची पिन किंवा प्लास्टिकचा खटका असेल तर तो सेन्सर जागेवर बसेपर्यंत काढायचा नाही. सेन्सरची जीभ कॉलमच्या खाचेत "टक" करून बसली पाहिजे. ठोकायची वेळ आली तर समजा काहीतरी तिरकं आहे.

जोडणी उलट्या क्रमाने. पांढरी रेघ जुळवा, व्हीलचा नट मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा. नट नवा लावा असं मॅन्युअल म्हणत असेल तर नवाच लावा. एअरबॅग लावून झाल्यावर बॅटरी जोडताना केबिनमध्ये कोणीही नको. चावी चालू करताना व्हीलसमोर न बसता बाजूने हात घाला. एअरबॅगचा दिवा लागून विझला की पुढे प्रश्न १७.

१४. व्हील जागचं हलतच नाही. हातोडी मारू का?

अजिबात नाही. अपघातात चालकाची छाती वाचावी म्हणून बहुतेक कॉलम आत दबणारे केलेले असतात. हातोडीने ते दबतात किंवा बेअरिंग फुटतं. व्हीलमध्ये पुलरसाठी दोन आट्यांची भोकं असतात. पुलरचे बोल्ट त्यात फार खोल घालू नका, मागे निघून ते क्लॉक स्प्रिंग किंवा सेन्सर फोडतात. थोडा ताण द्या, गंज सोडवणारं तेल टोकावर अगदी थेंबभर घाला, वाट पाहा, पुन्हा ताण द्या.

१५. माझा सेन्सर खाली, पेडलजवळ कॉलमच्या टोकाला आहे. मग व्हील काढायचं नाही ना?

बहुतेक वेळा नाही. पण खालचा शाफ्ट कॉलमपासून सोडवावा लागतो आणि त्यात दोन मोठे धोके आहेत.

पहिला : शाफ्ट सुटला की व्हीलला अडवणारं काही उरत नाही. एकदा मी शाफ्ट सोडवून खाली वाकलो होतो आणि मदतनीसाने केबिनमध्ये चढताना आधारासाठी व्हील धरलं. ते दोन फेऱ्या गरकन फिरलं. आम्ही अंदाजाने परत आणलं, एका फेरीने चुकलो. पहिल्याच पूर्ण वळणात क्लॉक स्प्रिंगची पट्टी तुटली, हॉर्न गेला आणि एअरबॅगचा दिवा लागला. तेव्हापासून शाफ्ट सोडवण्याआधी व्हील सीटला पट्ट्याने बांधतो. स्टिअरिंग लॉक असेल तर तोही लावतो, आणि तरीही बांधतो.

दुसरा : शाफ्टच्या जोडाचा पिंच बोल्ट. हा एक बोल्ट म्हणजे तुमचं संपूर्ण स्टिअरिंग. सोडवण्याआधी दोन्ही भागांवर रेघ मारा. बसवताना शाफ्टवरची खाच आणि बोल्टचं भोक समोरासमोर आलेत याची टॉर्चच्या उजेडात खात्री करा. शाफ्ट अर्धवट आत असला तरी बोल्ट कधी कधी आवळला जातो आणि सगळं ठीक वाटतं, तेच घातक. बोल्ट नवा लावा, टॉर्क रेंचने आवळा, मग जोड हाताने ओढून पाहा.

१६. क्लॉक स्प्रिंग फिरली. मध्य कसा शोधू?

एका बाजूला अगदी हलक्या हाताने, अडेपर्यंत फिरवा. जोर लावू नका. मग उलट बाजूला पूर्ण अडेपर्यंत फेऱ्या मोजा. जितक्या येतील त्याच्या निम्म्या परत या. साधारण पाच फेऱ्या येतात, म्हणजे अडीच परत. बऱ्याच स्प्रिंगांवर खुणेचे बाण किंवा रंगीत खिडकी असते, ती जुळली की मध्य मिळाला. फिरवताना आत करकर झाली किंवा ती अडलीच नाही, तर पट्टी तुटली आहे. नवीनच लावा.

१७. कॅलिब्रेशन म्हणजे काय, आणि ते केलंच पाहिजे का?

अँगल सेन्सर बदलला असेल तर हो. गाडीच्या दृष्टीने सरळ म्हणजे शून्य अंश, आणि हे शून्य नव्या सेन्सरला माहीत नसतं. जुनं शून्य काही गाड्यांत ईएससीच्या मॉड्यूलमध्ये, काहींत सेन्सरमध्येच लिहिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत आधी जुनं पुसावं लागतं, मगच नवं लिहिता येतं. ही पायरी सुटली की "कॅलिब्रेशन अयशस्वी" येत राहतं.

करण्याआधी टायरची हवा सारखी करा, गाडी सपाट जागेवर ठेवा, बॅटरीला चार्जर लावा. ट्रक आधी सरळ रेषेत थोडा पुढे नेऊन थांबवा, म्हणजे चाकं खरोखर सरळ होतात, नुसती सरळ दिसत नाहीत. मग स्कॅनरच्या एबीएस किंवा ईएससीच्या यादीतून शून्य शिकवण्याचा पर्याय घ्या. सुरू असताना व्हीलला हात नको, गाडी हलायला नको.

नंतर लाइव्ह डेटा पाहा. सरळ असताना आकडा शून्याला लागून, आणि पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे आकडे जवळपास सारखे हवेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन फेऱ्यांचं स्टिअरिंग असेल तर दोन्ही बाजूंना ५४० अंशांच्या आसपास. एकीकडे ९०० आणि दुसरीकडे १८० दिसलं तर सेन्सर एक फेरी चुकून बसलाय. तो काढून पुन्हा बसवा.

१८. स्कॅनर नाही. काही जुगाड?

जुगाड नाही, पण काही गाड्या स्वतः शिकतात. इंजिन चालू करून व्हील पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग मध्यावर आणायचं, आणि सरळ मोकळ्या रस्त्यावर थोडं चालवायचं. तुमची गाडी त्यातली आहे का हे मॅन्युअल सांगेल. नसेल तर सेन्सर स्वतः बसवा आणि फक्त कॅलिब्रेशन बाहेरून करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. वेग मोजणाऱ्या जुन्या सेन्सरला शून्याची गरज सहसा नसते.

१९. बॅटरी बदलली आणि लगेच ईएससीचा दिवा लागला. सेन्सर गेला?

घाई करू नका. काही सेन्सर आपली जागा बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवतात. वीज गेली की विसरतात. प्रश्न १८ मधली पूर्ण डावी-उजवी फेरी करा. बहुतेक वेळा दिवा तिथेच विझतो.

२०. सेन्सर नवा, कॅलिब्रेशन झालं, लाइव्ह डेटाही बरोबर. तरी थोडं चालवल्यावर दिवा येतो.

थांबलेल्या गाडीत सगळं जुळतं आणि चालताना बिघडतं, तर यंत्रणा सेन्सरची तुलना दुसऱ्या कशाशी तरी करून नापास करते आहे. यॉ सेन्सरचा बोल्ट ढिला आहे का, तो तिरका बसलाय का पाहा. चारही चाकांचे वेग लाइव्ह डेटात शेजारी शेजारी लावून पाहा. पुढच्या दोन टायरांच्या मापात किंवा झिजेत मोठा फरक असेल तर गाडी सरळ जातानाही एक चाक जास्त फेऱ्या घेतं आणि मॉड्यूलला वाटतं गाडी वळते आहे. अलाइनमेंट बिघडली असेल तर सरळ रस्त्यावरही व्हील वाकडं धरावं लागतं, त्याचाही परिणाम तोच.

२१. सगळं झाल्यावर व्हील थोडं वाकडं दिसतंय. काढून एक दाता पुढे बसवू?

रेघ जुळली होती का ते आधी पाहा. चुकून एक दाता सरकला असेल तर परत जागेवर आणा. पण रेघ जुळलेली असेल आणि व्हील आधीपासूनच वाकडं असेल, तर दाता हलवून ते लपवू नका. त्याने सेन्सरचं आणि क्लॉक स्प्रिंगचं मध्य दोन्ही बिघडतात. ते टाय रॉड किंवा ड्रॅग लिंकच्या लांबीतून दुरुस्त करायचं, आणि त्यानंतर पुन्हा कॅलिब्रेशन. अलाइनमेंट, स्टिअरिंग बॉक्स किंवा ड्रॅग लिंक यांपैकी काहीही बदललं तरी शून्य पुन्हा शिकवावं लागतं. गाडीची उंची वाढवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

२२. माझा २४ व्होल्टचा मोठा मालवाहू ट्रक आहे. वरचं सगळं लागू होतं का?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. अनेक जुन्या मोठ्या ट्रकमध्ये एअरबॅग नसते, त्यामुळे एक मोठी काळजी कमी. पण १२ आणि २४ व्होल्टचे सेन्सर दिसायला जुळे असू शकतात, म्हणून पार्ट नंबर पाहिल्याशिवाय लावू नका.

कोडची भाषाही निराळी. जे१९३९ (मोठ्या वाहनांतल्या मॉड्यूलची बोलण्याची पद्धत) वापरणाऱ्या ट्रकमध्ये बिघाड एसपीएन (कोणती गोष्ट बिघडली) आणि एफएमआय (कशी बिघडली) अशा दोन आकड्यांत येतो. स्टिअरिंगच्या कोनाचा एसपीएन १८०७. त्याबरोबरचा एफएमआय खरी गोष्ट सांगतो : २ म्हणजे माहिती डळमळीत, ३ आणि ४ म्हणजे व्होल्टेज अनुक्रमे जास्त किंवा कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलं, १३ म्हणजे कॅलिब्रेशन बाहेर. १३ आला असताना सेन्सर बदलणं म्हणजे चांगला भाग फेकणं. या ट्रकचं कॅलिब्रेशन बहुतेक वेळा ब्रेक यंत्रणेच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनेच होतं, त्याची सोय आधी लावा.

आणि चेसिसवर वेल्डिंग करताना बॅटरी व मॉड्यूल सोडवले नसतील, तर त्यानंतर सुरू झालेल्या बिघाडात सेन्सर एकटा दोषी असेलच असं नाही.

२३. हे काम स्वतः कधी करू नये?

शाफ्टचा जोड किंवा कॉलमचा ब्रॅकेट गंजलेला, वाकलेला असेल, टॉर्क रेंच नसेल, एअरबॅगचा दिवा आधीपासून लागलेला असेल, किंवा गाडीचा पुढून मोठा अपघात झालेला असेल, तेव्हा. घाई असेल तेव्हाही.

२४. काम झाल्यावर चाचणी कशी घ्यायची?

आधी जागेवरच. इंजिन चालू ठेवून व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरवा. कुठे घासल्याचा आवाज, ताण, अडखळ नको. हॉर्न प्रत्येक स्थितीत वाजवून पाहा, मधल्या फेरीत वाजून टोकाला बंद पडला तर क्लॉक स्प्रिंग चुकली आहे. मग मोकळ्या आवारात चालण्याच्या वेगाने आठ आकडा काढा, दोन्ही बाजूंनी ब्रेक लावा. दिवा नाही आला तर रिकाम्या रस्त्यावर, हळूहळू वेग वाढवत.

शाफ्ट सोडवला असेल तर पिंच बोल्ट आवळून झाल्यावर त्याच्या डोक्यावरून जोडाच्या अंगावर एक सलग पांढरी रेघ मारून ठेवा. पहिल्या फेरीनंतर, आणि पुढे आठवडाभर रोज, पेडलजवळ वाकून ती बघा. रेघ सलग असेल तर बोल्ट जागेवर आहे. किंचितही तुटलेली दिसली तर ट्रक तिथेच उभा करा.